एक ओळ अवलंबून आहे

मिरची कांडपाच्या दालनात मिरचीचा वास येत नाही, ही गोष्ट गोदाक्का मगदूम यांच्या मनाला कधीच पटली नाही.

जयसिंगपूरच्या वेशीवर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागी ते दालन उभं होतं. आत काचेचे कप्पे मधाच्या पोळ्यासारखे एकावर एक रचलेले. एका कप्प्यात एका घराचं तिखट. यंत्रहात येऊन मोजून मिरची टाकणार, भाजलेलं खोबरं टाकणार, कप्पा हवाबंद होणार आणि आत मुसळ चालू. पाटलांच्या तिखटाचा कण चौगुल्यांच्या तिखटात जाता कामा नये म्हणून एवढा बंदोबस्त. ना ठसका, ना शिंक. अख्ख्या दालनात माणूस म्हणाल तर एकट्या गोदाक्का. त्यांच्या हातात काठी असे. ती टेकायला कमी आणि यंत्रहातांवर उगारायला जास्त.

या मुलखात उन्हाळा लागला की बाया आपापली मिरची-मसाला घेऊन कांडपाला जात. जितकी घरं तितकी प्रमाणं. सख्ख्या जावांचं तिखट एक नसे. पुढं माणसं देशोदेशी पांगली, कुणी कॅनडात, कुणी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कक्षावस्त्यांत. पण जिभा बदलल्या नाहीत. ती नड गोदाक्कांनी ओळखली. दुसरी नापास बाई, पण ‘घरतिखट’ नावाचं ऑनलाइन दुकान त्यांनी असं उभं केलं की भल्याभल्या पदवीधरांनी तोंडात बोटं घातली. तुमच्या घरचं प्रमाण सांगा, तुमच्याच घरचं तिखट तुमच्या दारात.

सगळं बरं चाललं होतं, आणि एका वर्षी घोटाळा झाला. कोथळीच्या एका बाईला तिच्या जावेचं तिखट गेलं. त्या जावेशी तिचं बोलणं नव्हतं. तिनं ते खाल्लं, तिला ते आवडलं, आणि मग कळलं! त्या बाईनं गोदाक्कांना फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. गोदाक्कांनी पुण्याहून डॉ. इरावती रुकडीकर यांना बोलावलं. इरावती नातेकोठारं रचत असे, म्हणजे एकमेकींशी नात्यानं जोडलेल्या नोंदींची संगणकी कोठारं. पन्नाशीची, शांत, चहात साखर नको म्हणणारी बाई.

“तुमच्या जुन्या प्रणालीत सगळं एकाच मोठ्या तक्त्यात लिहिलंय, आक्का,” इरावती म्हणाली. “बाईचं नाव, पत्ता, तिखटाचं प्रमाण, मागणी. ती जितक्या वेळा मागवते तितक्या वेळा हे सगळं पुन्हा लिहिलं जातं. एकीकडे लवंगी मिरचीचं प्रमाण बदललं, दुसरीकडे जुनंच राहिलं. मग यंत्रानं खरं कुठलं मानायचं?”

“एकच गोष्ट चार तोंडांनी सांगितली की तिच्या चार हुत्यात. फुडं?”

“म्हणून नातेकोठारात प्रत्येक गोष्ट एकदाच लिहायची, तिच्या-तिच्या जागी. माणसांचा तक्ता वेगळा, तिखटांचा वेगळा, मागण्यांचा वेगळा. प्रत्येक ओळीला स्वतःचा क्रमांक. मागणीच्या ओळीत तिखटाचं प्रमाण लिहायचं नाही, तिखटाचा क्रमांक लिहायचा. तिखटाच्या ओळीत मालकिणीचा पत्ता लिहायचा नाही, तिचा क्रमांक. याला आम्ही दुवा म्हणतो. ओळ एकटी उभी राहत नाही, ती कुणाच्या तरी दुव्यावर उभी राहते.”

“आन् नसलेल्या बाईचा क्रमांक कुणी ठोकून दिला तर?”

“कोठार ती ओळ आत घेतच नाही.”

“झकास! आमच्या गल्लीत ह्यो नेम आसता तर निम्मी लग्नं मोडायची वाचली आसती.”

इरावती हसली. “तिखटाच्या ओळीत आणखी एक जागा ठेवलीय, मूळ तिखटाची. कुणी दुसरीच्या तिखटात फेरफार करून आपलं वेगळं केलं, तर मूळ कुणाचं ते तिथे लिहायचं. पण ही जागा सक्तीची नाही. रिकामी सोडली तरी चालतं.”

“रिकामीच सोडत्यात बघ. कुणी शिकवलं त्ये सांगायला जीभ जड हुती लोकांची.”

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. विस्मृतीचा कायदा तेव्हा नुकता कडक झाला होता. माणूस मेला की त्याची नोंद प्रत्येक कोठारातून पुसायची. जिवंत माणसालाही स्वतःला पुसून घ्यायचा हक्क: नवं नाव, नवा क्रमांक, जुन्या नावानं त्याला शोधणं हा गुन्हा. असा सीलबंद माणूस दुकानात येऊ शके, माल मागवू शके. पण तो कोण, कुठं राहतो, आहे की गेला, हे फक्त यंत्राला ठाऊक.

हा कायदा गोदाक्कांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांची एकुलती एक लेक शालन त्याच कायद्यानं पुसली गेली होती.

शालन अन्नरसायन शिकून आलेली. आईच्या हाताखाली कांडप चालवायची. एकदा तिनं स्वतःचं तिखट केलं. खसखशीच्या जागी कारळे घातले आणि दगडफूल अजिबात नाही, कारण दगडफुलानं लहानपणापासून तिच्या अंगावर पित्त उठायचं. चाळीसेक बाया मिरच्या घेऊन बसलेल्या. गोदाक्कांनी चिमूट जिभेवर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “ह्ये तिखट न्हवं, ढोराची पेंड हाय. म्हशीला घाल, दूध तरी दील.” बाया हसल्या. हसणारच, गोदाक्कांचं बोलणं म्हणजे फुकटचा तमाशा. शालन हसली नाही. तिनं डबा झाकला, हात धुतले. पुढं कक्षावस्तीवर नोकरी धरल्याचं कळलं, आणि त्यानंतर एक सरकारी निरोप आला की या नावाची व्यक्ती आता अस्तित्वात नाही, शोध घेऊ नये. गोदाक्कांनी शोध घेतला नाही. कायद्याला भिऊन नव्हे. आपण होऊन कुणाच्या दारात जायची त्यांना सवय नव्हती.

“ठरवायचं एवढंच आहे,” इरावती सांगत होती. “माणसाची ओळ पुसली की तिच्यावर टेकलेल्या ओळींचं काय करायचं? रीती तीन. पहिली म्हणजे सोबत पुसा. बाई गेली, तिचं तिखट गेलं, तिखटावरच्या मागण्या गेल्या. सगळं साफ.”

“म्हंजे माय मेली की लेकीच्या डब्यातलं तिखटबी बंद?”

“हो. दुसरी रीत, नाव गाळा. तिखट राहतं, मालकिणीची जागा रिकामी होते.”

“बेवारशी करायचं. मसणात घाल ती रीत. तिसरी?”

“तिसरी, अडवा. जोवर ओळीवर दुसरी ओळ टेकलेली आहे, तोवर ती पुसूच द्यायची नाही. मेलेल्या बाईचं तिखट कुणी मागवत असेल तर ते तिखट पुसलं जाणार नाही, आणि ती बाईही नाही. कायद्यात तेवढी सूट आहे. शेवटची मागणी बंद झाली की मात्र पुढच्या झाडणीत, म्हणजे कोठाराच्या वार्षिक साफसफाईत, ती जाणार. तुम्ही म्हणाल ती रीत बसवते. एकदा बसवली की प्रत्येकाला तीच. तुम्हालाही.”

“ऱ्हाऊ दे तिसरी,” गोदाक्का म्हणाल्या. “कुणीतरी पदर धरलाय तवर बाईला हलवायचं न्हाई.”

कोठार चाचणीसाठी पहिली ओळ हवी होती, म्हणून इरावतीनं गोदाक्कांनाच बसवलं. मगदूम, गोदावरी. तिखटाचं प्रमाण त्यांनी तोंडानं सांगितलं. मागणी मात्र केली नाही. त्या स्वतःचं तिखट घरी उखळात कुटत. यंत्राचं दुसऱ्यांना विकायचं, आपण खायचं नाही, हा त्यांचा बाणा.

कोठार चोख चाललं. जावेचं तिखट जावेला गेलं नाही. आणि तिसऱ्या रीतीचा महिमाही दिसू लागला. दूरदेशच्या लेकी निरोप धाडत: आई गेली आक्का, पण डबा उघडला की स्वयंपाकघरात आईच उभी. गोदाक्का ते निरोप यंत्राकडून वाचून घेत आणि “बरं बरं, रडू नगंस, तिखटात पाणी पडंल” असं काहीबाही उत्तर देत.

मग दर चैत्रात झाडणी होई. मेलेल्या ज्या बायांच्या तिखटाला कुणी विचारत नसे, त्यांच्या ओळी पुसल्या जात. पडद्यावर नाव येई, क्षणभर थांबे, विझे. वरच्या रांगेतला एक कप्पा रिकामा होई. यंत्रहात तो पुसून दुसऱ्या घराला देत.

पहिल्या झाडणीत अनोळखी नावं गेली. दुसऱ्या साली आक्कूबाई चौगुले गेली. आक्कूबाई गोदाक्कांच्या बरोबरीची, दोघींनी एका उखळात मुसळाचे घाव घातलेले. मरून तिला बरीच वर्षं झाली होती; नातवंडं आजवर तिचं तिखट मागवत होती, त्यांनी आता बंद केलं. का बंद केलं, ते विचारायचा हक्क कुणाला? त्यांना वेळ नसेल. पोट बिघडलं असेल. नाव विझलं तसं गोदाक्कांनी काठी आपटून यंत्राला विचारलं, “एवढंच?” यंत्राला तो प्रश्न समजला नाही.

पुढं दरसाल ओळखीचं एक तरी नाव जाई. सरणावर गेलेल्या बाया गोदाक्कांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. तिथं निदान रडायला चार जणी असत. इथं त्या विझताना बघायला एकट्या गोदाक्का, आणि त्याही तिसऱ्या रीतीच्या मालकीण. संध्याकाळी भाकरी थापताना त्यांना वाटे की आता बोलावं कुणाशी. घरात बोलण्याजोगं काही असेल तर ते उखळ. आणि उखळाशी बोललं तर ते ऐकून घेतं, हीच त्याची खोड. गोदाक्कांना उलटून बोलणारं माणूस लागे.

एका झाडणीनंतर त्यांनी इरावतीला बोलावून घेतलं.

“माजी ओळ पूस.”

“आक्का, तुम्ही जिवंत आहात.”

“जिवंत हाय म्हणून तर सांगाय लागलीया. माजं तिखट कोण मागवतंय? कोण न्हाई. मेल्यावर पयल्याच झाडणीला माजं नाव त्या काचंवर येणार आन् फुस्सदिशी जाणार. बघायला कोण? त्ये यंत्र. आसली शोभा मला नगं. आपली चूल आपण इझवावी, दुसऱ्यानं पाणी वतायची वाट बघू न्हाई.”

“पण दुकान?”

“दुकान बायांच्या नावानं केलंय, त्या बघतील. मला गाळ. कायद्यानं हक्क हाय ना माजा?”

हक्क होता. इरावतीनं त्यांना उद्या सांगा, परवा सांगा म्हणून पाहिलं. गोदाक्का बधल्या नाहीत. शेवटी तिनं मगदूम, गोदावरी ही ओळ निवडली आणि पुसण्याचा आदेश दिला.

पडद्यावर अक्षरं आली. इरावतीनं ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

“काय म्हणतंय?”

“पुसता येत नाही म्हणतंय. या ओळीवर एक ओळ अवलंबून आहे.”

“माजंच तिखट आसंल. त्ये माज्या नावावर हाय की.”

“ते मी आधी पुसायला सांगितलं होतं. तेच अडकलंय. तुमच्या तिखटावर कुणीतरी टेकलंय, आक्का.”

गोदाक्कांनी काठी उचलून पडद्याकडं केली. मग म्हणाल्या, “चूक आसंल. चाचणीत तू कायतरी ठेवलं आसशील.”

इरावतीनं शोधलं. चाचणीच्या ओळी तिनं तेव्हाच काढल्या होत्या. ही नंतरची होती. “गंमत म्हणजे ही मागणी नाही,” ती हळूच म्हणाली. “हे तिखट आहे. कुणीतरी स्वतःचं तिखट नोंदवलंय आणि मूळ तिखटाच्या जागी तुमचा क्रमांक दिलाय.”

“कुणी?”

“मालकीण सीलबंद आहे. नाव मला दिसत नाही, तुम्हाला दिसणार नाही, कोणालाच नाही. पण सील माणसाला असतं, तिखटाला नसतं. प्रमाण वाचू का?”

“वाच.”

“ब्याडगी आणि संकेश्वरी, तुमच्याइतकीच. लवंगी निम्मी. कांदा उन्हात वाळवून, मग तळून. खोबरं, तीळ, धणे तुमच्यासारखेच. खसखस नाही. तिच्या जागी…” इरावती थांबली. “कारळे. तिखटात कारळे घालतात?”

“आन् दगडफूल?”

“नाही. दगडफूल नाहीच.”

गोदाक्कांनी काठी भिंतीला टेकवली आणि जवळच्या पोत्यावर बसल्या. पोतं धण्याचं होतं, त्याच्यावर कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. “कुठं कुटतंय ह्ये?” त्यांनी विचारलं.

“इथेच. याच दालनात. वरून चौथ्या रांगेत, उजव्या टोकाला.”

म्हणजे इतकी वर्षं काठी घेऊन ज्या कप्प्यांखालून त्या येरझारा घालत होत्या, त्यांतल्याच एकात कारळे कुटले जात होते. काच हवाबंद. वास बाहेर यायची सोय नव्हती.

“ती जागा रिकामी सोडली तरी चालत हुतं न्हवं?”

“हो. सक्ती नव्हती.”

“मग का सोडली न्हाई?”

गोदाक्कांनी मान वर करून चौथ्या रांगेकडं पाहिलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला. “बरं हाय म्हणायची कुठंतरी. खाती-पिती. आन् म्हाताऱ्या आईला कळवायला हात मोडलं व्हय तिचं?”

इरावतीनं पडद्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

“काय गं? बोल की. थोबाड आसं का केलंस?”

“आक्का, हे तिखट आहे याचा अर्थ ती आहे, असा नाही होत.” इरावती सावकाश बोलू लागली. “या तिखटावर एक मागणी चालू आहे. एकच, दरसालची. मागवणाराही सीलबंद. ती स्वतः मागवत असेल, तर आहे. पण तिचा नवरा असेल, तिचं मूल असेल आणि ती नसेल, तरी हे तिखट असंच चालू राहणार. मेलेल्या बाईचा कुणी पदर धरलाय तोवर हलवायचं नाही, हा नियम तुम्हीच…”

“मीच घातला. ठाव हाय.”

दालनात मुसळं चालू होती. काचेतून आवाजही येत नव्हता. नुसतं वरखाली, वरखाली.

“कळायला वाटच न्हाई?”

“एक आहे,” इरावती म्हणाली. “ती मागणी कधी ना कधी थांबेल. दहा वर्षांनी, उद्या, सांगता येत नाही. थांबली की पुढच्या झाडणीकडे बघायचं. ती गेलेली असेल तर तिची ओळ आणि तिचं तिखट पुसलं जाईल. जिवंत असेल तर मागणी नसूनही ओळ राहील. जिवंताला झाडणी हात लावत नाही. तेव्हा खात्रीनं कळेल. फक्त वाट बघायची.”

“वाट बघायची. म्हंजे लेकीचं तिखट कुणी खायाचं थांबतंय कवा, ह्याची वाट आईनं बघायची.”

“मी तसं…”

“तू बराबर सांगितलंस. गणित बराबर हाय तुजं.” गोदाक्का उठल्या. काठी न घेताच पडद्याजवळ आल्या. “मागणी घे.”

“कुणाची?”

“माजी. ह्या कारळ्याच्या तिखटाची.”

इरावतीचा हात थांबला. “आक्का, नीट समजून घ्या. तुमची मागणी या ओळीवर टेकली की ती कुठल्याच झाडणीत जाणार नाही. ती आधीची मागणी थांबली तरी नाही. म्हणजे ती आहे की नाही हे तुम्हाला, तुम्ही जिवंत असेपर्यंत, कधीच कळणार नाही.”

“नगं कळू दे. काचंवर तिचं नाव इझलेलं बघाय मी हितं बसू व्हय?”

“नाव येणारच नाही, सीलबंद आहे. नुसता क्रमांक येईल.”

“मग तर न्हाईच न्हाई.”

“तिला तरी कळणार नाही तुम्ही मागवलंय ते. मालकिणीला फक्त आकडा दिसतो, आपलं तिखट किती घरांत जातं त्याचा.”

“तिनं तरी कवा मला सांगून माजा क्रमांक लिवला हुता? लिव्ह.”

इरावतीनं पुसण्याचा आदेश मागं घेतला आणि मागणीचा तक्ता उघडला. “एकदाच, की दरसालची?”

“दरसालची.”

“किती? पाव किलो पुरेल तुम्हाला एकटीला.”

“पाव किलो काय पाहुण्याला द्याचं हाय? घरात वर्साचं भरत्यात तिखट. तेवढं लिव्ह.”

इरावतीनं तेवढं लिहिलं. कोठारानं मागणी तपासली. मागवणारी बाई आहे. मागितलेलं तिखट आहे. त्या तिखटाला मूळ आहे, आणि मूळ जिचं आहे ती बाईही आहे. सगळे दुवे लागले तेव्हा त्यानं ओळ आत घेतली. कारळ्याच्या तिखटापुढं एकाचा आकडा होता तिथं दोन झाला. तो आकडा बघायला पलीकडं कुणी बसलं आहे की नाही, हे सांगायची सोय मात्र त्या कोठारात कुणी ठेवली नव्हती.